इंग्रजी कोशातले शेजारी : एकाच पानावरचे शब्द आणि त्यांचे अर्थ

कोशवाचक

इंग्रजी शब्दाचा अर्थ हल्ली बहुतेक जण फोनवरच पाहतात. शब्द टाइप केला की नेमका तेवढाच शब्द समोर येतो आणि त्याच्या वर-खाली कोण राहते याचा पत्ताही लागत नाही. छापील कोशात मात्र हवा तो शब्द सापडेपर्यंत नजर आजूबाजूच्या शब्दांवरून फिरून येते, आणि माझ्या मते शब्दांची खरी ओळख या फेरफटक्यातच होते. कोशातले शेजारीपण वर्णानुक्रमाने ठरते, अर्थाशी त्याचा संबंध नसतो, हे खरे. परंतु इंग्रजीने लॅटिन, फ्रेंच आणि ग्रीक भाषांतून शब्द उचलताना कुळेच्या कुळे उचलली आणि कुळाची खूण पुष्कळदा शब्दाच्या आरंभीच असते. त्यामुळे एका पानावर सख्खी भावंडे, लांबचे नातेवाईक आणि केवळ चेहरेपट्टी जुळणारे परके असे सगळेच भेटतात. यांतला कोण कोणाचा हे कळले, तर अर्थ घोकावे लागत नाहीत, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल 'पेन'ने सुरू होणारे शब्द घेऊ. पेन हा शब्द लॅटिनमधल्या 'पेन्ना' म्हणजे पीस या शब्दावरून आला, कारण लेखणी पिसाची असे. थोडे खाली येणारी पेन्सिल त्याच्याच घरातली असेल असे कोणालाही वाटेल, पण ती तशी नाही. ती 'पेनिसिलस' म्हणजे बारीक कुंचला या शब्दावरून आली आणि इंग्रजीतही आधी चित्रकाराच्या कुंचल्यालाच पेन्सिल म्हणत. ग्रॅफाइटच्या कांडीला हे नाव नंतर मिळाले. पेन्सिलची खरी बहीण त्याच पानावर पुढे भेटते, ती म्हणजे पेनिसिलिन. पेनिसिलियम या बुरशीची बीजाणू धरणारी टोके सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसतात, म्हणून बुरशीला ते नाव पडले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये तिचा जंतूंवर होणारा परिणाम पाहिला आणि पुढच्या वर्षी त्या द्रव्याला पेनिसिलिन म्हटले.

या दोघींच्या मधोमध पेंडंट आणि पेंड्युलम बसलेले आहेत, आणि खाली पेन्शन व पेन्सिव्ह. हे चौघे एकाच घरचे. टांगणे आणि तोलणे अशा जुळ्या अर्थांच्या लॅटिन धातूवरून ते निघाले. लोलक टांगलेला असतो हे उघड आहे. पैसा पूर्वी तोलून चुकता करीत, म्हणून देय रक्कम ती पेन्शन. आणि मनातल्या मनात एखादी गोष्ट तोलत बसलेला, विचारात बुडालेला माणूस तो पेन्सिव्ह. पेनल आणि पेनल्टी यांचे कूळ दंडाचे, म्हणजे 'पोएना' या शब्दाचे. पेनिन्सुला आणि पेनल्टिमेट यांच्या आरंभी 'पाएने' म्हणजे 'जवळजवळ' हा शब्द आहे: जवळजवळ बेट ते द्वीपकल्प, आणि जवळजवळ शेवटचा तो शेवटून दुसरा. 'अगदी अखेरचा' अशा अर्थाने पेनल्टिमेट वापरणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांनी द्वीपकल्पाची आठवण ठेवली तर ही गल्लत होणार नाही. पानाच्या तळाशी पेंटॅगॉन आणि त्याची मंडळी येतात. ती ग्रीक आहेत, आणि त्यांतला 'पेंटे' हा आपल्या 'पंच'चा फार जुना भाऊबंद आहे.

तर्कटी

विवेचन रंजक आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या आजच्या वापरात असतो, जन्मपत्रिकेत नसतो. पेन्सिल हा एके काळी कुंचला होता, हे समजल्यामुळे पेन्सिल या शब्दाचा वापर कोणाला अधिक नीट करता येतो? शिवाय एकसारखे दिसणारे शब्द एकाच बैठकीत शिकवले तर विद्यार्थ्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते, हा शिकवणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. दोनपैकी एक शब्द आधी पक्का व्हावा, तो वाक्यांत अनेकदा वापरून झाल्यावर दुसरा यावा, हेच श्रेयस्कर.

नाते खरे असले तरी ते फसवू शकते. मेरिट आणि मेरिटोरियस या गुणी शब्दांच्या थोडेच वर मेरेट्रिशस बसलेला असतो. तिघांचाही मूळ धातू 'मिळवणे, कमावणे' हाच आहे. पण मेरेट्रिशस हा शब्द 'कमावणारी' म्हणजे वेश्या या अर्थाच्या लॅटिन नामावरून आला, आणि आज त्याचा अर्थ आहे वरवर दिपवणारे, आतून पोकळ. कुळावरून अर्थ लावणारा माणूस एखाद्या निबंधाची स्तुती म्हणून हा शब्द लिहून मोकळा होईल.

मुद्रितशोधक

तर्कटी यांची शंका रास्त आहे, पण माझ्या कामात हे शब्द एकेकटे येत नाहीत, जोडीनेच येतात. कारण लिहिणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा टाकलेला असतो. संगणकाची शुद्धलेखन तपासणी अशा ठिकाणी पुष्कळदा हात टेकते. दोन्ही शब्द कोशात आहेत, दोन्हींचे स्पेलिंग बिनचूक आहे, फक्त शब्द चुकीचा आहे. आणि आपल्यासारख्यांची अडचण अशी, की देवनागरीत लिहिले की हा फरक पुसलाच जातो.

'स्टेशनरी'चेच पाहा. शेवटी ए-आर-वाय असलेला शब्द विशेषण आहे आणि त्याचा अर्थ जागचा न हलणारा, स्थिर. ई-आर-वाय असलेला शब्द नाम आहे आणि त्याचा अर्थ लेखनसाहित्य. मराठीत लिहिताना दोन्ही हुबेहूब सारखे. मूळही एकच आहे. मध्ययुगीन युरोपात पुस्तकविक्रेते बहुधा गावोगाव हिंडत. ज्याचे दुकान एका जागी कायम असे, तो 'स्टेशनर'. त्याच्याकडे मिळणाऱ्या वस्तू म्हणजे स्टेशनरी. दुकानदार म्हणजे स्टेशनर, त्यात ई आहे, म्हणून मालातही ई आहे. एवढे सांगितल्यानंतर त्या व्यक्तीकडून ही चूक पुन्हा झालेली मी सहसा पाहिलेली नाही. मुळाचा उपयोग अर्थापेक्षा स्पेलिंगसाठी अधिक होतो, असे मात्र मी म्हणेन.

'डिस्क्रीट'ची जोडीही अशीच आहे. दोन ई लागोपाठ असलेला डिस्क्रीट म्हणजे जपून वागणारा, कुठे काय बोलू नये हे जाणणारा. दोन ईंच्या मध्ये टी असलेला डिस्क्रीट म्हणजे सुटा, तुटक. गणितातल्या शाखेच्या नावात हाच शब्द येतो. लॅटिनमध्ये दोघे एकच होते, त्याचा अर्थ 'वेगळा काढलेला'. विवेक म्हणजे तरी योग्य-अयोग्य वेगळे काढणेच. सोळाव्या शतकाच्या सुमारास लेखनात त्यांची वाटणी होऊ लागली. फरक लक्षात ठेवायला माझी युक्ती अशी, की सुट्या वस्तूंच्या शब्दात टी मध्ये येऊन दोन ईंना वेगळे पाडतो.

सेन्सॉर, सेन्शर आणि सेन्सस हे तिघे एका खात्यातले. प्राचीन रोममधला सेन्सॉर हा अधिकारी नागरिकांची व त्यांच्या मालमत्तेची नोंद करी, ती सेन्सस. आणि त्यांच्या वर्तनावर नजर ठेवून दोषी ठरलेल्यांवर ठपकाही ठेवी. म्हणून आज सेन्सॉर म्हणजे मजकूर तपासून कापणारा, सेन्शर म्हणजे जाहीर ठपका, आणि सेन्सस म्हणजे जनगणना. वृत्तान्तात 'सभागृहाने सदस्याला सेन्सॉर केले' असे वाचायला मिळते, तेथे सेन्शर हवे असते. या तिघांच्या वर सेन्सर नावाचा चौथा शब्द बसतो. तो धूपदान. त्याचा या खात्याशी काही संबंध नाही, तो 'इन्सेन्स'चा म्हणजे धुपाचा आहे, आणि जाळण्याच्या धातूवरून आलेला आहे.

रेघोटी

मला एक साधी शंका आहे. आयलंड आणि आइल हे दोन शब्द एका खाली एक येतात, दोन्हींचा अर्थ बेट, दोन्हींत न उच्चारला जाणारा एस. आइल हे आयलंडचेच आटोपशीर रूप आहे, असे मी समजत आले आहे. ते बरोबर आहे का?

कोशवाचक

रेघोटी, या दोघांचे मुळात काही नाते नाही, आणि परके शेजारी एकमेकांना कसे घडवतात याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आयलंड हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचे जुने रूप साधारण 'ईगलंड' असे होते. त्यातला पहिला भाग पाण्याशी संबंधित आणि दुसरा 'लंड' म्हणजे भूमी. त्यात एस कधीच नव्हता. आइल हा मात्र फ्रेंचमार्गे आलेला, लॅटिन 'इन्सुला'चा वंशज, आणि त्याचा एस वडिलोपार्जित आहे. दोघांचा अर्थ एक, उच्चार जवळचा, कोशातली जागाही शेजारची. त्यामुळे विद्वानांना वाटले की देशी शब्दातला एस कुठेतरी गळाला असावा, आणि त्यांनी तो बसवून दिला. पुढे हीच लागण अगदी वेगळ्या पानावरच्या, ए-आय-एसने सुरू होणाऱ्या आइललाही झाली. दोन रांगांमधली वाट असा त्याचा अर्थ. तो 'आला' म्हणजे पंख या लॅटिन शब्दावरून आलेला, आणि त्याचाही एस उसनाच.

इन्सुलाचे खरे वंशज पाहायचे असतील तर आणखी थोडे खाली जावे. आयसोलेट म्हणजे एकटे पाडणे, शब्दशः बेट करून टाकणे. तो इटालियन आणि फ्रेंच वाटेने आला. इन्सुलेट हा त्याचा भाऊ इन-च्या पानावर राहतो, आणि पेनिन्सुला वर येऊन गेलेलाच आहे.

पानोपानी

परक्या शेजाऱ्यांत काही आपल्याकडचेही आहेत, त्यांची दखल घेतली पाहिजे. पी-यू-एन या अक्षरांचे पान काढा. पंक्च्युअल, पंक्च्युएट, पंक्चर आणि पंजंट हे चौघे टोचण्याच्या लॅटिन धातूचे. पंक्चर तर उघडच आहे. टोकाने उमटतो तो बिंदू, म्हणून नेमक्या बिंदूवर येणारा तो पंक्च्युअल आणि मजकुरात बिंदू घालणे ते पंक्च्युएट. पंजंट म्हणजे नाकाला किंवा मनाला टोचणारा. वास आणि टीका दोन्ही पंजंट असू शकतात. या चौघांच्या बरोबर मध्ये, पंक्चर आणि पंजंट यांच्यात, पंडित बसलेला आहे. इंग्रजीतला हा 'पंडिट' संस्कृतातून गेला आणि तिकडे आता त्याचा अर्थ बराचसा बदलला आहे. दूरचित्रवाणीवर निवडणुकीबद्दल किंवा सामन्याबद्दल अधिकारवाणीने मत देणारा तो पंडिट, मग तो किती वाचलेला आहे याची चौकशी कोणी करीत नाही. थोडे पुढे पनिश हा शब्द येतो; तो टोचणाऱ्यांतला नव्हे, कोशवाचक यांनी वर सांगितलेल्या पेनल आणि पेनल्टीच्या घरातला. म्हणजे सख्खी भावंडे वेगवेगळ्या पानांवर आणि परका मांडीला मांडी लावून.

जे-यू-जी या अक्षरांवरही तेच दृश्य आहे. जगरनॉट हा जगन्नाथ. रथयात्रेतल्या प्रचंड रथाच्या वर्णनांवरून त्याचा इंग्रजी अर्थ झाला वाटेत येईल ते चिरडत जाणारी अनावर शक्ती. त्याखालचा जगल म्हणजे वस्तू हवेत उडवून झेलण्याचा खेळ करणे. तो जोकचा नातेवाईक. आणि त्याखालचा जग्युलर, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेचे विशेषण, तो गळ्याशी असलेल्या हाडाच्या नावावरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'जुगुम' म्हणजे जू हा शब्द आहे. हा जुगुम, आपला 'जू' ज्यापासून आला तो संस्कृत 'युग', आणि इंग्रजी योक ही एकाच प्राचीन शब्दाची रूपे आहेत. योक मात्र कोशाच्या पार शेवटी, वाय अक्षराखाली.

आणि मंगूस. हा शब्द पोर्तुगिजांच्या मध्यस्थीने इंग्रजीत गेला तो थेट मराठी 'मुंगूस'वरून. त्याच्या पोटात 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी दिसतो, म्हणून अनेकवचन 'मंगीस' करण्याचा मोह होतो. पण गूसचे अनेकवचन गीस होते तो नियम मुंगसाला लागू नाही, ते सरळ 'मंगूसेस' होते. त्याच्या खालचा मंग्रेल, म्हणजे संमिश्र जातीचा कुत्रा, हाही परकाच. तो मिसळणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा, अमंग आणि मिंगल यांच्या बाजूचा आहे.

तर्कटी

पानोपानी यांनी दिलेली उदाहरणे मला माझ्याच बाजूची वाटतात. पान पाहून नाते ठरवता येत नाही. ते आधी कोणीतरी सांगावे लागते. आणि न सांगता ठरवले तर काय होते, याची तीन उदाहरणे मी देतो.

'आउट'ने सुरू होणारे शब्द कोशात कितीतरी आहेत: आउटरँक म्हणजे पदाने वरचढ असणे, आउटरीच म्हणजे बाहेरच्यांपर्यंत पोहोचणे, आउटरन म्हणजे धावण्यात मागे टाकणे. त्यांच्या रांगेत आउटरेज उभा आहे. त्याची फोड कोणीही आउट अधिक रेज, म्हणजे बाहेर उसळलेला संताप, अशी करील आणि अर्थ इतका चपखल बसतो की शंकाही येणार नाही. पण त्यात आउट नाही आणि रेजही नाही. फ्रेंच 'उत्र' म्हणजे पलीकडे, लॅटिन 'अल्ट्रा'चा वंशज, त्याला 'आज' हा प्रत्यय लागून हा शब्द झाला. मर्यादेपलीकडचे कृत्य हा त्याचा पहिला अर्थ. संतापाचा रंग त्याला पुढे, इंग्रजीत, बहुधा रेजच्या आभासामुळेच अधिक चढला. त्याचा खरा भाऊ 'उत्रे', म्हणजे विचित्र वाटण्याइतका चाकोरीबाहेरचा, त्याच पानावर आउटरँकच्या खाली असतो, पण फ्रेंच उच्चारामुळे त्याला कोणी ओळखत नाही.

दुसरे उदाहरण नॉइसमचे. तो नॉइज आणि नॉइझी यांच्या मधोमध बसतो आणि त्याचा अर्थ गोंगाट करणारा असा नाही. त्याचा अर्थ दुर्गंधी किंवा अपायकारक. तो अॅनॉय या शब्दाचे डोके कापून उरलेल्या भागाला प्रत्यय लावून झाला आहे.

तिसरे, एनर्व्हेट. एनर्जी आणि एनर्जाइझ यांच्यानंतर तो लगेच येतो, म्हणून त्याचा अर्थ जोम आणणे असा समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. अर्थ नेमका उलटा आहे: गळाठून टाकणे, जोम हिरावून घेणे. लॅटिनमध्ये 'नेर्वुस' म्हणजे स्नायूंना बांधणारा कंडरा. तो काढून टाकणे म्हणजे एनर्व्हेट. एनर्जी ग्रीकमधून आलेली, हा लॅटिनमधून, आणि दोघांत सामाईक आहे ती फक्त पहिली चार अक्षरे.

निळीशाई

हा शेजार मुळात किती योगायोगाचा आहे, याबद्दल थोडे.

आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली आहे. कंठातून निघणारे वर्ण एका ओळीत, ओठांतून निघणारे दुसऱ्या. रोमन वर्णक्रमाला असे कारण नाही, तो परंपरेने आला तसा आला. इंग्रजी शब्दांचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा पहिला कोश म्हणून रॉबर्ट कॉड्री यांच्या १६०४ च्या छोट्या कोशाचे नाव घेतले जाते. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते, आणि वर्णक्रमाने शब्द कसा शोधायचा हे त्यांना वाचकाला प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले: शब्द सी-ए ने सुरू होत असेल तर सी विभागाच्या आरंभी पाहा, सी-यू ने सुरू होत असेल तर शेवटाकडे पाहा. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात आय आणि जे एकाच क्रमात मिसळलेले होते, तसेच यू आणि व्ही. म्हणजे त्या कोशात जे शब्द शेजारी होते ते आज दोन वेगळ्या विभागांत गेले. पीटर मार्क रॉजेट यांनी १८५२ मध्ये शब्द अर्थाच्या गटांनुसार लावले, तरी मागे वर्णानुक्रमाची सूची जोडलेली असल्याशिवाय त्या ग्रंथात शब्द शोधणे अवघडच.

एकदा तर अस्तित्वातच नसलेला शब्द या क्रमात जागा धरून बसला. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात डॉर्कॉप्सिस, म्हणजे कांगारूंच्या कुळातला एक लहान प्राणी, आणि डोरे, म्हणजे सोनेरी, या दोहोंच्या मध्ये 'डॉर्ड' हा शब्द छापला गेला आणि त्याचा अर्थ दिला होता घनता. घडले होते असे, की घनतेचे संक्षिप्त रूप मोठा किंवा छोटा डी असे सांगणारी 'डी ऑर डी' ही टिपणी शब्दांच्या चिठ्ठ्यांत गेली, आणि अक्षरांमधली जागा दुर्लक्षून ती सलग एक शब्द म्हणून वाचली गेली. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा हा प्रकार उघड झाला. व्युत्पत्तीचा काय उपयोग, असे तर्कटी विचारतात; निदान हा एक उपयोग लेखी नोंदलेला आहे.

याच्या उलट प्रकारही आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीत बाँडमन आहे, पण त्याच्या शेजारची बाँडमेड, म्हणजे दासी, गायब आहे. तिच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या होत्या. ती आली ती १९३३ च्या पुरवणीत.

रेघोटी

आयलंडबद्दल आभार. आणखी एक विचारते. शेजारच्या शब्दांत काही असे आहेत की ज्यांचे मूळ एकच, अर्थही जवळजवळ एकच, आणि तरी एकाच्या जागी दुसरा वापरला तर चूक धरली जाते. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, कंटिन्युअल आणि कंटिन्युअस, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल. यांत फरक कसा करावा?

मुद्रितशोधक

हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित, भूतकाळातला. जुनी कोणतीही वास्तू, कागद किंवा व्यक्ती हिस्टॉरिकल असू शकते. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात महत्त्वाचा ठरलेला किंवा ठरणारा. आज सकाळी झालेला करार हिस्टॉरिक असू शकतो, हिस्टॉरिकल नाही. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेविषयीचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागणारा. कंटिन्युअस म्हणजे मध्ये खंड न पडता चाललेले आणि कंटिन्युअल म्हणजे थांबून थांबून पण वारंवार होणारे. रात्रभर न थांबता पडणारा पाऊस कंटिन्युअस. आठवडाभर येऊन-जाऊन पडणारा पाऊस कंटिन्युअल. बोलताना इंग्रजी भाषकही हा फरक नेहमी पाळत नाहीत, पण तांत्रिक लेखनात तो पाळावाच लागतो, कारण यंत्र अखंड चालते की मधून मधून चालते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

ह्यूमन आणि ह्यूमेन यांचेही असेच. दोन्ही पूर्वी एकाच शब्दाची लेखनरूपे होती. अठराव्या शतकात कामे वाटली गेली, शेवटी ई लावलेला ह्यूमेन दयाळूपणासाठी राखला गेला आणि ह्यूमन मनुष्यमात्रासाठी. अर्बन आणि अर्बेन यांतही ई हाच फरक आहे: एक शहरी, दुसरा शहरी माणसाच्या सफाईने वागणारा.

प्रिन्सिपल या जोडीबद्दल कोणी विचारले नाही, पण ती सर्वांत जास्त चुकते. पी-ए-एल ने संपणारा प्रिन्सिपल मुख्य या अर्थाचे विशेषण आहे आणि नामही आहे: शाळेचा मुख्य, आणि कर्जाचे मुद्दल. पी-एल-ई ने संपणारा प्रिन्सिपल फक्त नाम आहे, आणि त्याचा अर्थ तत्त्व. वाक्यात विशेषण हवे असेल तर पहिल्यावाचून गत्यंतर नाही.

कोशवाचक

तर्कटी यांच्या तिन्ही उदाहरणांशी मी सहमत आहे, फक्त ती मला विरोधातली वाटत नाहीत. शेजाऱ्याकडे पाहून अर्थ ठरवावा, असे मी म्हटलेले नाही. शेजाऱ्याची चौकशी करावी, एवढेच म्हटले आहे. नॉइसमचा अर्थ माहीत नसलेला माणूस तो नॉइजवरून ताडणारच, त्याच्या हाती कोश असो वा नसो. कोशाचे पान उघडे असेल, तर तेथल्या तेथे त्याचा भ्रम फिटण्याची शक्यता तरी असते.

एच-ओ-एस हे पान मी सर्वांत अधिक वेळा उघडतो. हॉस्पिस, हॉस्पिटेबल, हॉस्पिटल, होस्ट, हॉस्टेल आणि मग हॉस्टाइल. पाहुणचार करता करता अचानक शत्रुत्व. हॉस्पिटेबल आणि हॉस्टाइल हे अर्थाने विरुद्ध असलेले शब्द केवळ अक्षरांच्या योगाने जवळ आले असतील, असे वाटते. प्रत्यक्षात ते एकाच मुळाचे आहेत. लॅटिनमध्ये 'होस्टिस' म्हणजे आधी परका, नंतर शत्रू. आणि 'होस्पेस' म्हणजे परक्याला ठेवून घेणारा यजमान, तसेच ठेवून घेतलेला पाहुणाही. दाराशी आलेला अनोळखी माणूस यांपैकी काय ठरेल, हे आधी सांगता येत नसे. होस्पेसच्या कुळातून हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल निघाली. हॉटेल म्हणजे फ्रेंचमध्ये एस गळून पडलेले हॉस्टेलच. तिन्ही मुळात पाहुण्याला उतरवून घेण्याच्या जागा, त्यांतली एक पुढे आजाऱ्यांसाठी राखली गेली. होस्टिसच्या बाजूने हॉस्टाइल आला, आणि सैन्य किंवा प्रचंड समुदाय या अर्थाचा दुसरा होस्टही. म्हणून कोशात होस्ट हा शब्द वेगवेगळ्या क्रमांकांनी एकाहून अधिक वेळा दिलेला असतो, आणि वाचताना यजमानाचा होस्ट कोणता व लष्कराचा कोणता हे पाहून घ्यावे लागते. याच मुळाचा अस्सल इंग्रजी वंशज म्हणजे गेस्ट. उच्चार बदलल्यामुळे तो जी अक्षराखाली गेला, आणि यजमान व पाहुणा एकाच शब्दाचे असूनही त्यांची पाने दूर पडली.

तर्कटी

होस्टचे उदाहरण मी मान्य करतो, कारण तेथे दोन वेगवेगळे होस्ट का आहेत हे मुळाशिवाय सांगताच येणार नाही. पण विद्यार्थ्यांसाठी माझा क्रम तोच राहील: आधी वाक्य, मग अर्थ, आणि मूळ सर्वांत शेवटी.

मुद्रितशोधक

एक जोडी मात्र अशी आहे, की तेथे मी क्रम उलटा करीन. व्हीनल आणि व्हीनियल. दोघांत एका आयचा फरक, दोन्ही विशेषणे, दोन्ही दोष सांगताना येतात, आणि संदर्भावरूनही नेहमी उलगडा होत नाही. व्हीनलच्या मुळाशी विक्री आहे: जो विकत घेता येतो, लाच घेतो, तो व्हीनल. व्हीनियलच्या मुळाशी क्षमा आहे: जो दोष क्षम्य आहे, तो व्हीनियल. एखाद्या अधिकाऱ्याची चूक व्हीनियल म्हटली तर त्याला समज देऊन सोडता येते. व्हीनल म्हटली तर त्याच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप केल्यासारखे होते. अहवालात हा शब्द आला की मी लेखकाला फोन करून विचारतो.